खुराडं झालं, नऊ पेट्या झाल्या, अंडी मात्र सरपणात

परसदार
२ जून, सकाळी ८:१०

मंडळी, मदत हवी आहे. सांगताना थोडी लाजच वाटते, कारण तक्रार कोंबड्यांची असली तरी चूक त्यांची नसावी असा संशय आहे.

गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले आणि आम्ही दोघं डोंबिवली सोडून सासरच्या घरी आलो, संगमेश्वराजवळ. फेब्रुवारीत तीन महिन्यांच्या तलंगा घेतल्या, पाच गिरिराज आणि चार गावरान, शिवाय एक कोंबडा. तोवर सासूबाईंच्या वेळच्या पडवीत डालग्याखाली चाललं होतं. पाऊस तोंडावर आला म्हणून एप्रिलमध्ये सुतार लावून खुराडं बांधून घेतलं.

सहा फूट बाय चार फूट, जमिनीपासून दीड फूट वर. वर पत्रा. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो, म्हणून चारही बाजूंनी प्लायवूड. एक खिडकी, तीही रात्री लावून घेतो. आत अडीच फुटांवर बसायला दांडा आहे, प्लंबिंगचं काम झाल्यावर उरलेल्या पीव्हीसी पाइपचा. आणि मागच्या भिंतीला, दांड्याच्या वर, दोन ओळींत नऊ पेट्या. नऊ कोंबड्या, नऊ पेट्या. आयुष्यभर वर्गात बाकं मोजली, त्याची सवय.

आता परिस्थिती अशी:

रात्री दांड्यावर कोणीही बसत नाही. कोंबडा धरून सगळे पेट्यांमध्ये घुसतात आणि रात्रभर तिथेच शिटतात. सकाळी पेट्या खरवडणे हा माझा व्यायाम झाला आहे.

पेटीत आजवर एक अंडं मिळालं, तेही बहुधा चुकून. परवा चुलीसाठी लाकूड ओढायला गेले तर सरपणाच्या मागे चौदा अंडी!

आणि सकाळी दार उघडलं की आतून असा भपकारा येतो की डोळे चुरचुरतात.

सुतार म्हणतो, "बाई, पेट्या एक नंबर झाल्यात, कोंबड्याच येड्या." तुमचं काय मत?

---

अंडाकरी
२ जून, सकाळी ८:३२

चौदा अंड्यांचं काय केलंत, ते आधी सांगा. बाकीचं नंतर बघू. (हलके घ्या.)

---

लाल_तुरा
२ जून, सकाळी ९:०५

ताई, सुतार चांगला आहे, फक्त त्याने कपाट बांधलं. खुराडं बांधायचं राहिलं.

मी फलटणकडचा. दोनशे पक्षी आहेत, त्याआधी घरच्या दहा-बाराच होत्या. तुमची मुख्य चूक एकच, उंचीची. कोंबडी झोपायला मिळेल त्या सगळ्यात उंच जागेवर जाते. रानातली सवय आहे, खाली झोपली की कोणाच्या तरी तोंडात गेली. तुमच्याकडे पेट्या वर आणि दांडा खाली, मग ती पेटीतच झोपणार. उलटं करा. पेट्यांचा तळ आतल्या जमिनीपासून फूट-दीड फुटावर आणा, दांडा तीन फुटांवर न्या. निम्मा प्रश्न तिथेच मिटेल.

पाइप काढून टाका. गुळगुळीत आहे, पंजा धरत नाही. दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी घ्या, वरच्या कडा रंधा मारून गोल करा. एका पक्ष्याला आठ ते दहा इंच जागा लागते, म्हणजे दहा जणांना आठ फुटांच्या आसपास. सहा फुटी दोन दांडे लावा, पण एकाच उंचीवर. एक वर एक खाली लावलात तर वरच्यासाठी रोज मारामारी, आणि खालच्यांच्या डोक्यावर वरच्यांची शीट. भिंतीपासून फूटभर अंतर ठेवा, शेपटी घासते. बांबू टाळा, त्याच्या पेरांत आणि भेगांत पिसवा नि माइट घर करतात.

पेट्या नऊ कशाला? चार-पाच कोंबड्यांना एक पुरते. तुम्हाला दोन, फार तर तीन. नऊ ठेवल्या तरी त्या एकाच पेटीपुढे रांग लावणार, लिहून देतो. आत अंधार हवा, तोंडाला चार इंचांची आडवी फळी हवी म्हणजे गवत आणि अंडं बाहेर येत नाही. माप एक फूट बाय एक फूट, उंची सव्वा फूट. मोठी केलीत तर दोघी एकदम घुसतात आणि अंडी फुटतात. पेटीच्या वरचं छप्पर चांगलं उतरतं करा, नाहीतर त्याच्यावर बसतील.

---

वाचनमात्र_बंड्या
२ जून, सकाळी ९:४०

वाचनखूण साठवली. माझ्याकडे कोंबड्या नाहीत, गच्चीही नाही.

---

निवृत्त_पशुवैद्य
२ जून, दुपारी १२:२०

वर पेट्यांचं उत्तम सांगितलं आहे. मला त्या भपकाऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण अंडी सरपणात घातली तर शोधता येतात, पण छाती भरलेल्या कोंबड्या वाचवणं जिकिरीचं असतं.

डोळे चुरचुरतात तो अमोनिया. कोंबडीची विष्ठा जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणीच असते. दहा पक्षी दिवसाला किलोभर शिटतात आणि त्यातलं बरंचसं रात्री, दांड्याखाली. शिवाय दहा पक्ष्यांच्या श्वासाची वाफ. तुम्ही चारही बाजू प्लायवूडने बंद केल्यात आणि वर पत्रा घातलात. ही वाफ पत्र्याला लागते, पाणी होऊन खाली ठिबकते, खालचं अंथरूण ओलं होतं आणि अमोनिया सुटतो. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बंद केलेलं खुराडं आतल्याच पाण्याने भिजतं, हे मी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं.

कोंबडीला घाम येत नाही. अंगाचं तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास. उष्णता बाहेर टाकायची तर चोच उघडून धापा टाकायच्या, हाच मुख्य मार्ग. आपल्याकडे तिला थंडीपेक्षा कोंदट हवेचा त्रास जास्त.

उपाय असा. समोरची आणि मागची भिंत दांड्यावर बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यापासून वर पूर्ण जाळीची करा. खालचा भाग बंदच राहू द्या, म्हणजे झोपलेल्या पक्ष्यांवर थेट वारा येत नाही आणि गरम ओली हवा वरून निघून जाते. पावसासाठी भिंत बंद करण्यापेक्षा छप्पर बाहेर काढा, दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट. कोकणातल्या घरांना पडवी उगाच नसते. जमलं तर लांब बाजू पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे ऊन आडव्या भिंतीतून आत शिरत नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. सकाळी दार उघडून आत उकिडवे बसा, नाक कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर आणा. दोन मिनिटं बसवलं नाही तर त्या रात्रभर कशा बसल्या असतील ते कळेल.

आणखी एक, न विचारता सांगतो. लसी झाल्या आहेत का? मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी. विकत घेतलेल्या तलंगांना ती दिली होती का, हे विकणाऱ्याला विचारा. ओल्या अंथरुणावर रक्ती हगवण लगेच पसरते, त्यामुळे शिटेत लाल दिसलं तर वाट बघू नका.

---

माळावरचा
२ जून, दुपारी ३:१५

एवढं कशाला? आमच्या आजोबांच्या कोंबड्या रात्री आंब्यावर बसायच्या. ना पेटी, ना दांडा, ना जाळी, ना लस. अंडी गोठ्यातल्या गव्हाणीत सापडायची. कोंबडीला कोंबडीसारखं राहू द्या की. हल्ली सगळ्याचाच प्रकल्प करतात लोक.

---

लाल_तुरा
२ जून, दुपारी ३:५०

@माळावरचा, आजोबांच्या किती कोंबड्या होत्या आणि वर्षाकाठी मुंगूस, बोका, मानमोडी मिळून किती जायच्या, ते कोणी मोजलं होतं का? आमच्या आजीकडे पावसाळ्याआधी पंचवीस असायच्या, दिवाळीला नऊ. ती त्याला "लक्ष्मी येते-जाते" म्हणायची.

---

माळावरचा
२ जून, दुपारी ४:०५

मुद्दा आहे. पण आंब्यावर हवा तरी मोकळी होती, डॉक्टर म्हणतात तशी. 😀

---

निवृत्त_पशुवैद्य
२ जून, दुपारी ४:३०

अगदी बरोबर. आंब्याचं झाड आणि हे प्लायवूडचं खोकं यातून हवेपुरतं निवडायचं झालं, तर मी आंबाच निवडीन.

---

तुराटी
२ जून, रात्री ९:४५

विदर्भातून नमस्कार. आमच्याकडे पाऊस तुमच्याएवढा नाही, पण मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तेव्हा पत्र्याखाली कोंबडी ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं.

आमचं खुराडं तुराट्यांच्या कुडाचं. खालचा हातभर भाग शेणामातीने लिंपलेला, वरचा तसाच सोडलेला. वारा खेळतो आणि ऊन गाळून येतं. छपराला पत्राच आहे, पण त्यावर पऱ्हाटीचा आणि गवताचा जाड थर टाकून दोरीने बांधतो. दुपारी गोणपाट भिजवून पश्चिमेला लावायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं तत्त्व आमच्या बापजाद्यांना न सांगता कळलं होतं, किंवा पैसे नव्हते म्हणून आपसूक झालं. दुसरंच खरं असावं.

अंड्यांसाठी आम्ही पेटी करतच नाही. काठ फुटलेला माठ आडवा करून कोपऱ्यात मातीत अर्धा रोवायचा, तळाला मूठभर चुलीची राख, त्यावर गवत आणि निर्गुडीचा नाहीतर कडुनिंबाचा पाला. माठ गार राहतो, आत अंधार असतो आणि घासूनपुसून स्वच्छ होतो. राखेने उवा धरत नाहीत. ताईंनी सुताराला परत बोलावण्याआधी दोन फुटके माठ शोधून बघावेत, फुकटात काम होईल.

---

परसदार
३ जून, सकाळी ७:३०

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार.

डॉक्टर, आज सकाळी सांगितल्याप्रमाणे आत उकिडवी बसले. दोन मिनिटं कसली, चाळीस सेकंदांत बाहेर आले. फार वाईट वाटलं. लसीचं विकणाऱ्याला फोन करून विचारलं, लासोटा झाली आहे, दुसरी नाही. तालुक्याच्या दवाखान्यात विचारते.

सुताराला निरोप धाडला आहे. तो आता जरा रागावलेला आहे.

अंडाकरी, चौदापैकी नऊ खाल्ली. पाण्यात टाकून पाहिली होती. जी तळाशी आडवी राहिली ती घेतली, दोन उभी राहिली ती त्याच दिवशी उकडून टाकली, तीन तरंगली ती नारळाच्या आळ्यात पुरली. हिशेब जुळतो आहे, नऊमध्ये ती उभी दोन धरलेली नाहीत.

---

अंडाकरी
३ जून, सकाळी ७:३४

बाईंनी हिशेबसुद्धा मांडून दाखवला. शाळा सुटली तरी सवय सुटली नाही!

---

लेस्टरची_लेक
४ जून, पहाटे ३:१०

मी इंग्लंडमधून. परसात चार कोंबड्या. इकडच्या गमती सांगते, तुम्हाला बरं वाटेल.

१ ऑक्टोबर २०२४ पासून इथे एक जरी कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. बर्ड फ्लूसाठी. आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे! म्हणजे शिळी पोळी कुस्करून घातली तर मी गुन्हेगार. मांस, अंडी, दूध काहीच न वापरणारं घर असेल तरच सूट. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग कोंबड्या पाळायच्या कशाला?"

जाळीबद्दल एक नक्की ऐका. षटकोनी भोकांची ती पातळ "कोंबडी जाळी" मिळते ना, ती कोंबडीला आत ठेवते पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे कोल्ह्याने ती दातांनी फाडली. अर्ध्या इंचाची वेल्ड मेश लावा, खिळे वाकवून नको, स्क्रू आणि वॉशरने. आणि खुराड्याभोवती जमिनीवर दीड फूट जाळी आडवी अंथरून वर माती टाका. खणणारा प्राणी भिंतीला चिकटूनच खणतो, मागे सरकून खणायची अक्कल त्याला नसते.

थंडीत इथे दिवस आठ तासांचा होतो तेव्हा अंडी जवळजवळ बंद. भरपूर अंड्यांसाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो. तुमच्याकडे डिसेंबरातही अकरा तास मिळतात, सुखी आहात.

---

नवापूरकर_मुळचा
४ जून, सकाळी १०:२०

बर्ड फ्लूचं नाव निघालं म्हणून लिहितो. २००६ च्या फेब्रुवारीत भारतात पहिल्यांदा तो आमच्या नवापुरात सापडला. फार्मवरच्या कोंबड्या तर मारल्याच, आसपासच्या घराघरांतल्या परसातल्याही गोळा करून नेल्या. माझी मावशी आजही त्या दिवसाबद्दल बोलत नाही. दाणापाण्याची भांडी उघड्यावर ठेवू नका, छपराखाली ठेवा. रानपाखरं येऊन पितात ते थांबवणं आपल्या हातात आहे.

---

परसदार
१९ जून, संध्याकाळी ६:५०

पावसाने जोर धरला आहे, वीज आज आली. अहवाल देते.

सुतार आला. वरचं प्लायवूड कापून जाळी लावली, छप्पर बाहेर काढलं. पत्र्यावर झावळ्या बांधल्या, आवाजही कमी झाला. दांडे दोन, सागाच्या पट्टीचे, एकाच उंचीवर. नऊ पेट्यांच्या तीन केल्या आणि खाली आणल्या. उरलेल्या सहा पेट्यांचा सांगाडा पडवीत ठेवला आहे, सुताराला मोडवेना.

खाली चार इंच भाताचं तूस घातलं. गादी पद्धत म्हणतात तीच ना ही? दर दोन दिवसांनी दाताळ्याने वरखाली करते, ओलं वाटलं तर मूठभर चुना भुरभुरवते. वास जवळजवळ गेला.

पहिल्या रात्री महानाट्य. सगळ्या सवयीने जुन्या पेट्यांची जागा शोधत भिंतीवर उड्या मारत होत्या. टॉर्च लावून एकेकीला उचलून दांड्यावर ठेवलं. तीन रात्री असं केलं, चौथ्या रात्री आपणहून बसल्या.

पण अंडी अजूनही सरपणात! पेट्या रिकाम्या. काय करू?

---

लाल_तुरा
१९ जून, संध्याकाळी ७:१५

सरपणाची चटक लागली आहे, ती मोडायला हवी. आठवडाभर सकाळी अकरापर्यंत सोडूच नका. दाणा-पाणी आतच द्या. बहुतेक कोंबड्या सकाळीच घालतात, पोटात अंडं आलं आणि बाहेर जाता आलं नाही की पेटीकडे बघतील. मात्र एक लक्षात ठेवा, दोन अंड्यांमध्ये चोवीस तासांपेक्षा थोडं जास्त अंतर असतं. त्यामुळे आज आठला घातलं तर उद्या नऊ-साडेनऊ, परवा आणखी उशिरा, मग एक दिवस खाडा. एखादी दुपारी घालत असेल तर ती तुम्हाला चकवेल.

आणि पेटीत एक खोटं अंडं ठेवा. कोंबडीला वाटतं, कोणीतरी आधी इथे घातलंय म्हणजे जागा सुरक्षित आहे.

---

माळावरचा
१९ जून, संध्याकाळी ७:४०

हे मात्र आजीही करायची. सगळी अंडी उचलायची नाही, एक ठेवायची. तिने त्याच्यावर कोळशाची खूण केलेली असायची, म्हणजे घरातलं पोर चुकून तेच उचलून आणायचं नाही.

---

परसदार
२३ जून, सकाळी ११:३०

ह्यांनी पहिल्या दिवशी टेबल टेनिसचा चेंडू ठेवला. कोंबड्यांनी दिवसभर तो खुराड्यात लाथाडला. शेवटी कोंबड्याने तो दाराबाहेर उडवला.

मग शास्त्री नदीतून अंड्याएवढे तीन पांढरे गोटे आणले. हलत नाहीत, चोच मारली तर फुटतही नाहीत. काल मधल्या पेटीत पहिलं अंडं, आज तीन! तिन्ही मधल्याच पेटीत. डावी-उजवी रिकामी. मधल्या पेटीसमोर खरोखर रांग असते, मागची पुढचीला ओरडत असते.

लाल_तुरा, तुम्ही लिहून दिलं होतं ते खरं ठरलं.

---

टिल्लू
२३ जून, दुपारी १:००

फोटो दिसत नाहीये.

---

परसदार
२३ जून, दुपारी १:१०

फोटो टाकलेलाच नाही.

---

परसदार
१४ जुलै, सकाळी ६:४०

वाईट बातमी. काल रात्री एक गिरिराज गेली.

पहाटे तीनला आरडाओरडा झाला. टॉर्च घेऊन जाईपर्यंत संपलं होतं. दरवाज्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे वेल्ड मेश संपली म्हणून सुताराने तीच षटकोनी पातळ जाळी मारली होती, तिथे वीतभर फाटलेलं. शेजारच्या काकी ठसे पाहून म्हणाल्या, कांडेचोर, म्हणजे उदमांजर. झाडावरून छपरावर उतरला असणार. लेस्टरच्या लेकीने आधीच सांगितलं होतं, तेवढा दीड फुटाचा तुकडा आम्ही "नंतर बदलू" म्हणून ठेवला.

---

लेस्टरची_लेक
१४ जुलै, सकाळी ९:२०

फार वाईट वाटलं, ताई. सगळ्यांचं असंच होतं, माझं झालं तेही "नंतर बदलू" मध्येच. कडीला पण बघा. नुसती फिरवायची खिट्टी असेल तर त्यात एक अडकवायची पिनही घाला.

---

माळावरचा
१४ जुलै, सकाळी १०:०५

छपरावर टेकणारी फांदी आधी तोडा. आमच्याकडे काहीजण विष घालायला सांगतील, ते अजिबात करू नका. ते जनावर कायद्याने संरक्षित आहे आणि विष आधी गावातल्या कुत्र्यांच्या पोटात जातं. पहिल्या पोस्टीत मी जरा टोचून बोललो होतो, वाईट वाटून घेऊ नका.

---

परसदार
१४ जुलै, रात्री ८:००

वाईट कसलं. फांदी तोडली, जाळी बदलली. सुताराने स्वतःहून येऊन बदलली आणि पैसे घेतले नाहीत.

---

परसदार
२ ऑगस्ट, सकाळी ९:१५

नवीन प्रश्न. एक काळी गावरान मधल्या पेटीतून उठतच नाही. हात घातला की पिसं फुगवते, गुरगुरते आणि चावते. तिच्याखाली अंडं एकही नाही, फक्त शास्त्री नदीतला गोटा. गोटा गरम झाला आहे!

---

अंडाकरी
२ ऑगस्ट, सकाळी ९:१८

एकवीस दिवसांनी काय निघतं ते कळवा. आम्ही बारशाला येतो.

---

तुराटी
२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

खुडूक झाली. मधली पेटी अडवून बसली तर बाकीच्या परत सरपणाकडे जातील, म्हणून आजच काय ते ठरवा. पिल्लं नको असतील तर तिला चार-पाच दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात टांगून ठेवा. खालून वारा लागला, पोट गार झालं की खुडूकपणा उतरतो. पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं हे गावठी उपाय करू नका, जीव घाबरा होतो बिचारीचा.

पिल्लं हवी असतील तर याहून चांगली आई नाही. गिरिराज क्वचित बसते, गावरान मन लावून बसते. वर्षाला साठ-सत्तर अंडीच देते ती यामुळेच, उरलेला वेळ तिचा संसारात जातो.

---

निवृत्त_पशुवैद्य
२ ऑगस्ट, दुपारी १२:०५

बसवायची असेल तर रात्री हलवा, वेगळ्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत. आठवड्याच्या आतली, न धुतलेली अंडी घ्या, दहा-अकरा पुरेत. कवचावर नैसर्गिक लेप असतो, धुतल्यावर तो जातो आणि जंतू आत शिरतात. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. दिवसातून एकदा ती उठेल, खाईल, भलीमोठी घाण करील आणि पंधरा-वीस मिनिटांत परत बसेल. तेवढा वेळ अंडी उघडी राहिली तर चिंता नको.

---

परसदार
३ ऑगस्ट, रात्री ९:४०

बसवली. अकरा अंडी, गावरान आणि गिरिराज मिसळून. काकींनी येऊन टोपलीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. वीज कडाडली तर अंडी बाद होतात म्हणून. मी विज्ञान शिकवायचे. तरी खिळा काढला नाही.

---

निवृत्त_पशुवैद्य
४ ऑगस्ट, सकाळी ८:००

राहू द्या. कोंबडीला टोचणार नाही एवढं बघा.

---

परसदार
२५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

काल संध्याकाळपासून टोपलीतून चिवचिव ऐकू येत होती. आज सकाळपर्यंत आठ पिल्लं! दोन अंडी सातव्या दिवशीच काढली होती, एक उघडलंच नाही. काकी म्हणाल्या, बघ, खिळ्याने राखली.

पिल्लांना पाणी पसरट ताटलीत ठेवलं आहे, आत खडे टाकून, म्हणजे बुडणार नाहीत. लासोटा सातव्या दिवशी, तालुक्याला सांगून ठेवलं.

---

लाल_तुरा
२५ ऑगस्ट, सकाळी ७:४०

अभिनंदन ताई! महिना-दीड महिना आईबरोबर वेगळी ठेवा, मोठ्यांत लगेच सोडू नका. आणि आता जागेचा हिशेब करा. प्रत्येकी दोन चौरस फूट धरले तर तुमच्या चोवीस चौरस फुटांत बाराच मावतात.

---

परसदार
२५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

तोही प्रश्न आहेच. ह्यांनी त्या उरलेल्या सहा पेट्यांच्या सांगाड्यात कांदे-बटाटे भरले होते, पडवीत. आत्ता चहाला कांदेपोहे करायला गेले तर खालच्या पेटीत, कांद्यांवर, लाल गिरिराज ऐसपैस बसलेली. हात घातला तर चोच मारली. पोहे बिनकांद्याचे झाले.

---

टिल्लू
२५ ऑगस्ट, सकाळी ८:२२

फोटो?